जावयाच्या कपाळावरच्या नोटा

ज्या वर्षी आमच्या थोरल्या दिरांना ऐंशीवं लागलं आणि मी-रानच्या धाकटीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमचा जावई टीव्हीवर दिसायला लागला.

मी-रान माझी एकुलती मुलगी. तिच्या नवऱ्याचं नाव मा चुन-सॉक. गाणं हाच त्याचा धंदा. तोपर्यंत तो गायचा कुठे, तर नवीन दुकान उघडलं की दारात कमान उभारून फुगे बांधतात तिथे, नाहीतर मासळीबाजाराच्या वर्धापनदिनाला. मी-रान छांगवॉन शहरात दुसरीच्या पार्लरमध्ये बायकांचे केस कुरळे करून द्यायची, आणि घर खरं चालायचं ते तिच्या हातांवर. सणाला दोघं छॉनपोला आमच्याकडे येत, तेव्हा जावई गावाच्या मुख्य वाटेने कधी आला नाही. गाडी धक्क्यावर लावायचा, लसणाच्या वाफ्यांमागून चालत यायचा आणि मागच्या दाराने आत शिरायचा. आमचे हे त्याच्याशी मोजकंच बोलत. आला की "आलात?" आणि जाताना "निघालात?"

तरी जावई तो जावई. मी दर वेळी कोंबडी कापायची. आमच्याकडे जावई म्हातारा झाला तरी पाहुणाच. खोलीतली सगळ्यात उबदार जागा त्याची, वडीलधाऱ्यांच्या मेजावर त्याचं ताट, आणि कोंबडीची तंगडी त्याच्याच वाटीत. हे बोलत नसले तरी सोजू दारूचा पहिला पेला त्यालाच भरून देत.

टीव्हीवरची ती स्पर्धा आमच्या पिढीच्या गाण्यांची होती. बंदरांची, आगगाडीच्या स्टेशनांची, हुंदका गळ्यात अडवून म्हणायची गाणी. शंभरेक जण उभे करतात आणि दर गुरुवारी थोडे थोडे गाळत जातात. जावयाने तिथे आपलं नाव बारम ठेवलं होतं. बारम म्हणजे वारा. पहिल्याच गुरुवारी तो गायला आणि परीक्षकांतली एक बाई डोळे पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सरपंचाने गावच्या भोंग्यावरून सांगितलं, "ऐका, ऐका. छॉनपोचे जावई मा चुन-सॉक पुढच्या फेरीत गेले आहेत. सगळ्यांनी अभिनंदन करावं. आणि कालवांच्या शिंपल्या रस्त्यावर टाकू नका, माझ्या गाडीचं चाक पुन्हा फाटलंय."

चारेक दिवसांत गावाच्या तोंडाशी कापडी फलक लागला. मी साठी उलटल्यावर समाजमंदिरातल्या वर्गात अक्षरं शिकले. फलकाखाली उभी राहून मी तो एकेक अक्षर लावत वाचला. 'छॉनपोचा जावई बारम, तुझं अभिनंदन!' त्यात जावई हा शब्द सगळ्यात मोठा होता.

हिवाळाभर आम्ही बायका कालवांच्या शेडमध्ये बसतो. समोर शिंपल्यांचा ढीग, हातात आखूड सुरी. हात चालतात आणि तोंडंही. माझ्या शेजारी थोंगयंगवाली बसायची. आमच्यात बाईला तिच्या माहेरच्या गावानेच हाक मारतात, मी सामचॉनवाली. थोंगयंगवालीची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार.

"काय गं सामचॉनवाली, आता कशाला कालवं फोडतेस? जावयाच्या गाडीतून फिर की."

"कुठली गाडी?"

"घेईलच. टीव्हीवर फुकट कोण उभं राहतं? दर गुरुवारी पाकीट मिळत असणार."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "जिंकणाऱ्याला घर मिळतं म्हणे. मग हरणाऱ्याला निदान न्हाणीघर तरी देत असतील."

"हरणाऱ्याला जास्त देतात," थोंगयंगवाली म्हणाली, "बाहेर जाऊन बोंब मारू नये म्हणून."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. माणूस एवढा चकचकीत कोट घालून, एवढ्या दिव्यांखाली उभा राहतो, त्याला कुणी काही देत नसेल असं कसं मानायचं?

चौदा जण उरले होते तेव्हा जावई हरला. चंद्राच्या हिशोबाने नवीन वर्ष लागून थोडे दिवस झाले होते. निकाल सांगणारा माणूस फार वेळ थांबला, मग दुसऱ्याचं नाव घेतलं. जावयाने त्या दुसऱ्याला मिठी मारली आणि हसला. आमचे हे उठून अंगणात गेले. जाळ्याला गाठ मारायची राहिली होती म्हणाले. अंधारात जाळं दिसत नव्हतं.

फलक तसाच राहिला. काढायला कुणाला सुचलं नाही आणि सांगायचं कुणाला धाडस झालं नाही.

दुसऱ्या महिन्यात थोरल्या दिरांचं ऐंशीवं आलं. थोरले दीर तालुक्याच्या गावी राहतात. एके काळी सहकारी सोसायटीचे मोठे अधिकारी होते. त्यांचा समारंभ मोठ्या हॉलात ठरला. थोरल्या जावेचा फोन आला.

"सामचॉनवाली, तुझ्या जावयालाच गायला सांग. पलीकडच्या गावच्या किमांनी त्याच स्पर्धेतला एक गडी आणला होता. तो तुमच्या बारमच्या कितीतरी आधी हरलेला! आणि त्याने किती घेतले ठाऊक आहे? विचारू नको. आपल्याला काय, घरचंच माणूस."

मला अभिमान वाटला. मी मी-रानला फोन केला.

"त्यांना त्या शनिवारी दुसरीकडे जायचंय आई."

"अगं, काकांचं ऐंशीवं एकदाच येतं."

"हो," ती म्हणाली, "सगळ्यांचंच एकदा येतं." आणि थोड्या वेळाने, "येतील."

हॉलात गोल मेजं मांडली होती. पुढच्या मेजावर थोरले दीर, त्यांचे मित्र, आमचे हे. ह्यांच्या शेजारची खुर्ची जावयासाठी रिकामी ठेवली होती, मी स्वतः तिच्यावर माझी पिशवी ठेवून आले होते. जावई आला तो हॉलाच्या मागच्या बाजूने. स्वतःचा मोठा स्पीकर स्वतःच ओढत. अंगात टीव्हीवरचाच निळा चमकीचा कोट. जवळून पाहिला तेव्हा काखेत दोन ठिकाणी शिवलेला दिसला. ती शिवण मी-रानच्या हातची, मी ओळखते.

"जावईबापू, तुमची जागा पुढे आहे. आधी दोन घास खाऊन घ्या."

"आई, गाऊन झाल्यावर. आधी खाल्लं की आवाज बसतो."

नंतर पाहते तर तो भटारखान्याच्या दाराशी, भांडी घासणाऱ्या बायकांबरोबर उभ्या उभ्या तांदळाच्या शेवया खात होता.

तो गायला लागला आणि हॉल उठला. तिसऱ्या गाण्याला थोरल्या दिरांचे एक मित्र, जुने हेडमास्तर, टोपी मागे सारून नाचत पुढे आले. खिशातून हिरवी नोट काढली, जिभेवर लावली आणि जावयाच्या घामाने भिजलेल्या कपाळावर चिकटवली.

आमच्याकडे हे नवीन नाही. जत्रेत, समारंभात फाटके कपडे घालून भिकाऱ्याचं सोंग करणारे गाणारे येतात, ढोलावर नाचतात, त्यांच्या कपाळावर म्हातारी माणसं अशाच नोटा लावतात. लावणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण जावयाच्या कपाळावर नोट लावलेली मी जन्मात पाहिली नव्हती. हेडमास्तरांच्या मागून आणखी दोघं आले. मग एक म्हातारी आली, तिचा हात कपाळापर्यंत पोहोचेना, तर जावई तिच्यासाठी खाली वाकला. नोट डोळ्यावर लोंबायला लागली तरी त्याने ती काढली नाही. गात राहिला.

मी मेजाखाली माझे हात एकमेकांत घट्ट धरून बसले. समोर मियॉकचं, म्हणजे समुद्रशेवाळाचं सार होतं, वाढदिवसाला करतात ते. मी त्यातच बघत राहिले. थोरली जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "अगं बाई, हे काय करून घेतोय तो? लोकांना ठाऊक आहे आपला आहे म्हणून."

हेडमास्तरांनी माईक ओढून घेतला. "अरे बारम, तू आमच्या पेक साहेबांचा पुतणीजावई ना रे? मग तुला पैसे देऊन आम्ही चूक करतोय की काय?"

हॉल हसला. जावई वाकून नमस्कार करत म्हणाला, "नाही हो आजोबा. माझं एवढं भाग्य कुठलं? मला गायला बोलावलंय, मी गायला आलोय. द्या बिनधास्त."

लोक अजून जोरात हसले. थोरल्या जावेने सुस्कारा सोडला. तिला सुटल्यासारखं वाटलं, हे मला दिसलं.

तेवढ्यात आमचे हे उठले. ह्यांना गर्दीत चालताना मी फारसं पाहिलं नव्हतं. सरळ जावयापाशी गेले आणि एक अक्षर न बोलता त्याच्या कपाळावरच्या नोटा एकेक करून सोडवल्या. खांद्यावरच्या टॉवेलने त्याचं कपाळ पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. त्या सगळ्या नोटा नेऊन थोरल्या दिरांसमोरच्या आहेराच्या पेटीत टाकल्या. मग जावयाचा हात धरून त्याला रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि पेला भरला.

"हा माझा जावई आहे," हे हेडमास्तरांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

जावई मान खाली घालून बसला. पेला त्याने दोन्ही हातांनी घेतला, पण ओठांना लावला नाही. मला त्या क्षणी ह्यांचा फार अभिमान वाटला.

मी-रान गाडीपाशी स्पीकरच्या तारा गुंडाळत होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "पाहिलंस, बाबांनी कसं मोठ्या मनाने..."

"बाबांनी आमचा महिना नेऊन काकांच्या पेटीत टाकला," ती म्हणाली.

मला कळेना.

"आई, तुला वाटतं टीव्हीवाल्यांनी काय दिलं? एका भागाचे जे हातावर ठेवतात त्यात हा कोटसुद्धा येत नाही. कोट आपला, केसांचा खर्च आपला, सोलला जायचं भाडं आपलं. चार-चार दिवस सराव, रात्री जिना असेल तिथे झोपायचं. त्या दिवसांत दुसरं काम घ्यायचं नाही. हरलं की संपलं, तेवढं तोंड ओळखीचं होतं. मग समारंभांची बोलावणी येतात. तीही पाच-सहा महिने. पुढच्या वर्षी नवे शंभर जण हरतील, त्यांना बोलावतील."

"मग ती बोलावणी आहेत ना?"

"त्यातलं निम्मं त्यांची कामं ठरवणारी कंपनी घेते. तसा कागद आहे. कपाळावर लावतात त्या नोटा तेवढ्या कंपनीला दिसत नाहीत. त्या आमच्या." तिने तारेला गाठ मारली. "आणि बोलावणी सगळ्यात जास्त कुठून येणार? इथूनच. पण इथे सगळीकडे तो कुणाचा तरी जावई. एकाचा पुतणीजावई, दुसऱ्याच्या भाच्याचा मित्र. फुकट, फुकट, फुकट. आजचा शनिवार त्यांनी माघारी पाठवला, तुझ्या शब्दासाठी."

मी म्हटलं, "अगं, सांगायचं तरी."

"काय सांगायचं? फलक लावलाय ना तुम्ही एवढा मोठा."

परतताना बसमध्ये मी ह्यांना हे सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. छॉनपोच्या थांब्यावर उतरलो तर समोरच तो फलक. हे त्याच्याखाली उभे राहिले. ह्यांना अक्षरं येत नव्हती, कधी शिकले नाहीत, वर्गाला ये म्हटलं की मासे वाट बघतायत म्हणायचे. म्हणाले, "यात जावई कुठे लिहिलंय?" मी बोट दाखवलं. पुष्कळ वेळ बघत राहिले.

त्या वर्षी अधिक महिना होता, दुसऱ्या महिन्याला लागूनच. आमच्याकडे अधिक महिन्यात म्हातारी माणसं आपलं शेवटचं कापड शिवून ठेवतात. त्या महिन्यात कुठलाच दोष लागत नाही. आम्ही दोघांनी तागाच्या चांगल्या कापडासाठी पैसे बाजूला ठेवले होते. ह्यांची हौस होती ती. आयुष्यभर ओले कपडे घातले, शेवटचे तरी कोरडे आणि जाड हवेत, असं म्हणायचे.

अधिक महिना लागला आणि हे म्हणाले, "माझं सत्त्याहत्तरावं करू या."

मी बघतच राहिले. ह्या माणसाने साठी केली नव्हती, सत्तरी केली नव्हती.

"अहो, तुमचा वाढदिवस आठव्या महिन्यात."

"आधी केलेला चालतो. उशिरा केलेला चालत नाही."

"आणि पैसे?"

"कापड पुढच्या अधिक महिन्यात."

पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येणार होता. ह्यांच्या मनात काय आहे ते मला तोवर कळलं होतं.

हे सरपंचाकडे गेले, मीही गेले. जावयाच्या गाडीच्या मागे कंपनीचा नंबर रंगवलेला होता, तो मी हॉलाबाहेर उतरवून घेतला होता. सरपंच हसायला लागला.

"काका, स्वतःच्या जावयाला बोलवायला कंपनीला फोन? घरी करा की."

"घरी केला तर तो फुकट येईल."

सरपंचाचं हसू थांबलं. त्याने फोन लावला. पलीकडे एक पोरगी बोलत होती. कार्यक्रम कसला, माणसं किती, वीज आहे का. शेवटी म्हणाली, "आमच्या गायकाबद्दल तुम्हाला कुणाकडून कळलं?"

सरपंचाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "सांग, टीव्हीवर पाहिलं."

कंपनीचे पैसे देऊन जे उरलं, ते ह्यांनी तालुक्याच्या बँकेतून हिरव्या नोटांत आणलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कालवांच्या शेडमध्ये आले. ते कधीच तिथे येत नसत. बायकांच्या मधून चालत गेले आणि प्रत्येकीच्या ओल्या हातमोज्यावर नोटा ठेवत गेले.

"उद्या तो गायला लागला की वर जा आणि त्याच्या कपाळावर लावा."

सुऱ्या थांबल्या होत्या. हे थोंगयंगवालीपाशी आले. ती म्हणाली, "भावजी, आणि मी ही खिशात घातली तर?"

"तर घाल."

"नाही घालत," ती म्हणाली. "जीभ वाईट आहे माझी, हात नाही."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळं गाव जमलं. जावई मुख्य वाटेने आला. यावंच लागलं, कंपनीचा एक माणूस बरोबर होता. दारात हे उभे होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. जावई त्यांना पाहून थबकला. हे कमरेत वाकले.

"या गायकसाहेब. लांबून आलात. दमला असाल."

कंपनीचा माणूस शेजारीच उभा होता. शेवटी जावईही वाकला. म्हणाला, "बोलावलंत, उपकार झाले."

मी खिडकीशी उभी होते. आपलं माणूस आपल्या दारात परक्यासारखं वाकतंय आणि आपण ते नीट पार पडावं म्हणून धडपडतोय, याची लाज कशी असते ते मला सांगता येत नाही. ती मानेतून सुरू होते आणि खाली पायांपर्यंत जाते.

गाणं सुरू झालं. बायका उठल्या, एकेक करून पुढे गेल्या. गावच्या सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण आहे. थोंगयंगवाली मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "कुठला गं हा गाणारा? चांगला आहे. कुठून आणला?" आणि नोट लावली. ती चिकटेना. गळून पडली. तिने थुंकी लावून पुन्हा दाबली, पुन्हा पडली.

समारंभातल्या नोटा मऊ असतात. माणसांच्या खिशात मळलेल्या, घामाने लगेच बसतात. ह्या बँकेतून कालच आलेल्या, कोऱ्या, ताठ. दुसरी बाई आली, तिचीही तशीच. तिसरीचीही. जावयाने पायाशी पडलेल्या नोटांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत हे बसले होते, मान वळवून खिडकीबाहेर बघत.

त्याला कळलं. त्याचा आवाज एका ओळीपुरता गेला. मागचं संगीत तसंच पुढे चाललं. मग त्याने पुढची ओळ धरली आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. नोट लावायला येणाऱ्या प्रत्येकीसमोर वाकला, एकीलाही चुकवलं नाही.

गाणं संपल्यावर तो खाली उतरला, ह्यांच्यासमोर आला आणि गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. नववर्षाला जावई सासऱ्याला करतो तो पूर्ण नमस्कार. उरलेल्या दोन-तीन नोटा त्याच्या कपाळावरून फरशीवर पडल्या.

ह्यांचे कान लाल झाले होते. हे हळू आवाजात म्हणाले, "उठा गायकसाहेब. माणसं बघतायत."

जावई उठला. कंपनीच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कार्यक्रमातलाच भाग.

गाणाऱ्यांचं जेवण मागे, मंडपाच्या आडोशाला मांडलं होतं. पुढे बसवलं असतं तर ह्यांनी केलेलं सगळं वाया गेलं असतं. मी ताट घेऊन गेले. भाताच्या वाटीत तळाशी कोंबडीची तंगडी ठेवून वर भात दाबून भरला होता. कंपनीचा माणूस समोरच बसून डुकराचं मटण खात होता, म्हणून मला जावईबापू म्हणता येईना. मी म्हटलं, "आणखी सार वाढू का हो?"

"नको, भरपूर झालं," तो म्हणाला. मग त्याचा चमचा तळाला लागला. त्याने भात पुन्हा त्या तंगडीवर ओढून घेतला आणि त्या आडोशाने सगळं खाल्लं. हाड रुमालात गुंडाळून खिशात घातलं. मला वाटतं, ते टाकायला त्याचं मन झालं नाही, किंवा समोरच्याला दिसू नये म्हणून असेल.

नोटा मी-रानने वेचल्या. थोंगयंगवाली तिला मदत करत होती आणि तोंडाने काहीही बोलत नव्हती.

त्यानंतर बोलावणी हळूहळू कमी झाली. शरद ऋतूच्या सणापर्यंत जावई छांगवॉनमध्ये पार्सलं पोहोचवायला लागला होता. सणाला आला तो मागच्याच वाटेने. ह्यांनी "आलात?" म्हटलं, पेला भरला. समाजमंदिराबद्दल दोघंही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर हे म्हणाले, "एक म्हणा." जावयाने एक बंदराचं गाणं म्हटलं, बसूनच, माईकशिवाय. हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "त्या परीक्षकांना कान नाहीत." त्यांच्या तोंडून जावयाबद्दल मी ऐकलेलं तेवढंच.

तो फलक वादळात एका बाजूने फाटला. सरपंचाने उतरवला, तेव्हा मी मागून घेतला. त्यावर मिरच्या वाळत घातल्या, अक्षरं खाली करून.

हे गेले ते होडीवरून धक्क्यावर पाय ठेवताना. छातीत कळ आली आणि बसले, मग उठले नाहीत. तागाचं कापड नव्हतं. दवाखान्याच्या अंत्यविधीगृहातून जे पातळ कापड मिळतं, तेच घातलं. गावापासून टेकडीवरच्या थडग्यांपर्यंत तिरडी खांद्यावरून नेली. ओढ्यावरच्या पुलावर खांदेकऱ्यांनी तिरडी थांबवली, आमच्याकडे थांबवतातच. जाणाऱ्याला वाटखर्च हवा आणि तो आधी जावयाकडून मागायचा असतो.

"जावई कुठे आहे?" पुढचा खांदेकरी ओरडला. "पेकांचा जावई कुठे लपलाय? जावई आल्याशिवाय म्हातारा पूल ओलांडत नाही!"

"इथे आहे," जावई म्हणाला. गर्दीतून पुढे आला, गुडघे टेकले, आणि तिरडीच्या दोरात नोटा खोचल्या, एकापुढे एक. त्यांत कोऱ्या किती होत्या ते मी पाहिलं नाही. मी मान वर केली नाही.

माझे यजमान पेक जोंग-दू त्याच वर्षी अकराव्या महिन्याच्या नवमीला वारले. वय सत्त्याहत्तर.